शोकेसमधली पाच काडतुसं

माझ्या आजोबांची, म्हणजे आबांची, सगळी लढाई आमच्या हॉलमधल्या शोकेसच्या दोन फळ्यांवर मावत असे. आबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर शिपाई होते. परत आल्यावर पुण्यातल्याच एका दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर पूर्ण वेळ लढाईबद्दल बोलायला घेतलं. शोकेसच्या वरच्या फळीवर काडतुसाच्या रिकाम्या नळीची मूठ असलेला, पाकिटं फोडायचा चाकू होता. त्याच्या शेजारी बोटभर लांबीचं पितळी विमान होतं. त्याचं धड काडतुसाचं, पंख पत्र्याचे, आणि पुढचा पंखा फुंकर मारली की खरोखर फिरायचा. खालच्या फळीवर एका लोखंडी पट्टीत ओळीने बसवलेली पाच अखंड काडतुसं होती, टोकदार गोळ्यांसकट. शोकेसमध्ये न मावलेली लढाई घरभर पसरली होती. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावायला काडतुसांच्या दोन नळ्या होत्या, आणि दारामागे तोफेच्या गोळ्याचं गुडघाभर उंचीचं पितळी नळकांडं होतं, त्यात आम्ही छत्र्या ठेवायचो.

हे सगळं दर रविवारी घासायचं काम माझ्याकडे होतं. चिंचेचा कोळ, मीठ आणि दादांचं फाटकं बनियन घेऊन मी गॅलरीत बसायची. दादा म्हणजे माझे वडील. ते एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि सहीच्या खाली दोन टिंबं द्यायची की एक, याचाही विचार करून निर्णय घेत. आई शाळेत शिकवायची. रविवारी ती सुकट भाजायला घ्यायची आणि खालच्या मजल्यावर दामले काकांकडे तूप कढायचं. हे दोन वास जिन्याच्या मधल्या वळणावर एकमेकांना भेटत. आमच्या सोसायटीत, विश्रांतवाडीच्या रस्त्याला, बाकी कोणी कोणाला फारसं भेटत नसे.

मी घासत असताना आबा खुर्चीत बसून प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगायचे. विमान त्यांनी खंदकात बसून, पाऊस थांबायची वाट बघत केलेलं होतं. छत्र्यांचं नळकांडं एका जपानी रणगाड्यावर झाडलेल्या गोळ्याचं होतं, आणि दर वर्षी तो रणगाडा थोडा मोठा होत असे. पाच काडतुसांची गोष्ट मात्र अगदी छोटी होती, त्यामुळे आम्हाला ती सगळ्यांत कंटाळवाणी वाटायची. धुकं होतं, ओढ्यापलीकडे एक माणूस वाकून बाटलीत पाणी भरत होता, आबांनी बंदूक उचलली आणि परत खाली ठेवली. त्या दिवशी उरली ती ही पाच. "दारू काढून टाकलीय यातली," असं ते शेवटी सांगायचे. आजीने याच अटीवर ती घरात घेतली होती म्हणे.

मी तेवीस वर्षांची असताना आबा गेले. त्या सुमारास मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते आणि सगळं जग दोन आकडी सालांना घाबरून बसलं होतं. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिलेले असत. शतक उलटलं की सगळं कोसळणार, असं लोक म्हणत, आणि ते दोन आकडे दुरुस्त करायला पुण्यातून मुलं भराभर अमेरिकेला जात होती. माझंही नाव एका तुकडीत लागलं. आमच्या घरात तोपर्यंत नागपूरच्या पलीकडे फक्त आबा गेले होते, तेही दुसऱ्याच्या खर्चाने आणि हातात बंदूक घेऊन. मी पासपोर्टसाठी अर्ज केला. कंपनीतल्या मैत्रिणीने सांगून ठेवलं, की पोलीस चौकशीला हवालदार कधीही येतो, घरी कोणीतरी जबाबदार माणूस हवा. दादांनी त्या दिवसापासून घरातही शर्ट खोचायला सुरुवात केली.

आबांना जाऊन वर्ष झालं त्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. सकाळी भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मागे राहिली फक्त अक्का, दादांची थोरली बहीण. ती लोणी काळभोरला दिलेली होती. आवाज मोठा, पिशवी त्याहून मोठी. पाय पसरून बसत ती म्हणाली, "वसंता, आबांच्या वस्तूंचं काय ठरवलंस? मला बाकी काय बी नको. ते इमान तेवढं दे."

दादांना विमान द्यायचं नव्हतं, असं मला वाटतं. पण तसं सरळ म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते म्हणाले, "आधी सगळ्या वस्तूंची यादी करू. कोणती वस्तू काय आहे, कुठली आहे, हे नीट लिहू. मग बघू."

"इमान हाय. लिही," अक्का म्हणाली.

तेवढ्यात आईने, भांडी पुसता पुसता, एक साधा प्रश्न विचारला. "अहो, तो हवालदार येईल तेव्हा सोफ्यावर बसेल ना? त्याच्या नाकासमोर या पाच गोळ्या येतात."

"रिकाम्या आहेत त्या."

"कशावरून?"

"आबा सांगायचे."

"आबा बरंच काही सांगायचे," आई म्हणाली. "छत्र्यांचं नळकांडं मी आणि त्यांनी मिळून जुन्या बाजारातून आणलं. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते मी."

माझ्या लहानपणीचा एक अख्खा रणगाडा त्या एका वाक्यात नाहीसा झाला. मग दादा उठले, शर्ट पुन्हा नीट खोचला आणि मला नावाने हाक मारून म्हणाले, "मित्रा, खाली जाऊन दामल्यांना विचार, पाच मिनिटं वेळ आहे का."

दामले काका दारूगोळ्याच्या तपासणीत आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. आमच्या जिन्यात त्यांच्या हस्ताक्षरातली पाटी होती: 'पायऱ्या पायांसाठी आहेत, पायताणांसाठी नाहीत.' आमच्याशी ते जिन्यात व्यवस्थित बोलत. पाणी आलं का, बिल भरलं का, मुलगी काय शिकते. पण आम्ही इथे राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. का, ते विचारायची आम्हाला गरज नव्हती आणि सांगायची त्यांना नव्हती. मी दार वाजवून काम सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काडतुसं? कुठली?"

"माहीत नाही. म्हणूनच आले."

"हात कोणी लावू नका," ते म्हणाले, आणि चष्मा, भिंग आणि कालचं वर्तमानपत्र घेऊन माझ्या पुढे जिना चढू लागले. आमच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, त्या भिंतीला लावून सरळ ठेवल्या आणि आत आले. आई ओट्यापाशी होती. तिने ते पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

काकांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि आधी बुद्धमूर्तीपुढच्या नळ्या मागवल्या. त्या उलट्या करून बूड उजेडात धरलं. "हे बघा. बुडाच्या मधोमध ही गोल टिकली दिसते? बंदुकीची टाचणी हिच्यावर आपटते, तेव्हा आतली दारू पेटते. इथे खड्डा आहे. म्हणजे झाडलेलं. मेणबत्ती लावा, काही होणार नाही." चाकूचंही तेच निघालं. छत्र्यांच्या नळकांड्याकडे ते फक्त वाकून बघून म्हणाले, "हे सरावाचं आहे. याने कुणाचा केसही वाकडा झालेला नाही." आईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिचे खांदे हलत होते.

मग विमान. काकांनी भिंग लावलं. टिकलीभोवती बारीक अक्षरं कोरलेली होती, आणि दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे साल, असं त्यांनी सांगितलं. माझा तर तो रोजचा धंदा, म्हणून मी पुढे वाकले. "झाडलेलं आहे," काका म्हणाले. "पण लढाईतलं नाही. साल लढाई संपल्यानंतरचं आहे, चांगली पाच-सहा वर्षं. तुमचे वडील त्या वेळी कोणत्या खंदकात होते?"

"खडकीच्या चाळीत," अक्का म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"मला ठाव हाय ते. मी सात वर्साची व्हते. मुदतीचा ताप आलेला. चांदमारीच्या मैदानात, शिपाई नेम धरायचे थितं, पोरं रिकाम्या नळ्या येचायची, त्यातली एक आबांनी मागून आणली. रोज कामावनं आले की माझ्या उशाशी बसायचे आन कानस लावायचे. म्हणायचे, पंखा फिरला की तू उठशील. लई दिस फिरंना. मंग एक दिस फिरला." तिने पदराने विमानाचं नाक पुसलं. "पुढं ते इमान लढाईतलं कधी झालं, मला कळलं बी न्हाई. मी म्हनलं, सांगू दे त्यांना. त्यांना बरं वाटतं."

दादांनी यादीच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि विमान अक्काच्या पुढ्यात सरकवलं. आज मी स्वतः त्यांच्या त्या वेळच्या वयाला पोचले आहे, आणि त्या क्षणी दादांचा चेहरा नीट बघितला नाही याचं मला वाईट वाटतं. मी अक्काकडे बघत होते. ती पिशवीतून जुनं लुगडं काढून विमान त्यात गुंडाळत होती, कोणी मत बदलायच्या आत.

शेवटी राहिली ती पाच. काकांनी पट्टी दोन्ही हातांनी, अगदी हळू उचलली आणि बुडं उजेडात धरली. एकेक करत पाचही पाहिली. मग पट्टी कागदावर ठेवून त्यांनी हात मांडीवर पुसले.

"टिकलीवर खड्डा नाही. एकावरही नाही. गोळ्या मूळच्याच बसवणीत आहेत, कोणी काढून परत बसवलेल्या दिसत नाहीत. दारूबिरू काही काढलेली नाही. साल लढाईतलंच आहे." चष्मा काढून ते म्हणाले, "ही पाचही जिवंत आहेत, वसंतराव."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

"पण मी दर रविवारी घासते ती," मी म्हणाले.

"कशाने?"

"चिंचेने. मग उन्हात वाळवते."

दामले काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "संगणकात शिकलीस ना तू?" एवढंच विचारलं.

अक्का म्हणाली, "म्हंजे आबांच्या सगळ्या गोष्टींत ही एकच खरी निघाली."

"आणि ही एकच बेकायदा," दादा म्हणाले.

ते खुर्चीत बसले. घाबरलेला माणूस मी आधी पाहिला होता, पण घाबरलेला सरकारी नोकर त्या दिवशी पाहिला. शहरात कुठे काही घडलं की घरोघर झडत्या होण्याचे ते दिवस होते. विनापरवाना जिवंत काडतुसं घरात, तीही काचेआड मांडून, आणि मुलीच्या चौकशीचा कागद पोलीस ठाण्यात पडलेला. अक्काने सुचवलं, की ती जाता जाता पाचही नदीत टाकेल. काकांनी ते ऐकून हात वर केला. "नदीत नाही, कचऱ्यात नाही, कुठेही नाही. जिथे आहेत तिथे ठेवा, ऊन लागू देऊ नका, ठाण्यात कळवा. ते त्यांचा माणूस पाठवतील. अर्ज लिहा, मी नजरेखालून घालतो."

आईने चहा आणून ठेवला. कप काकांसमोर होता आणि त्या खोलीत सगळे दुसरीकडे बघत होते. काकांनी कप उचलला, घोट घेतला, म्हणाले, "साखर कमी चालेल मला पुढच्या वेळी." ते गेल्यावर आई कपबशी विसळत म्हणाली, "अकरा वर्षं लागली. आणि पाच जिवंत काडतुसं."

अर्ज लिहायला दादांना तो सगळा रविवार पुरला नाही. 'माझ्या मयत वडिलांच्या सामानात आढळून आलेल्या' असं लिहायचं की 'दिसून आलेल्या', यावर दादांची आणि दामले काकांची जिन्यात चर्चा झाली. आढळून म्हणजे शोधल्यासारखं वाटतं, असं दादांचं म्हणणं. सोमवारी सकाळी अर्ज टंकलिखित करून ठाण्यात न्यायचा, असं ठरलं. मी दादांना सांगितलं, की हवालदार येऊन जाईपर्यंत थांबू या. आठवडाभराचाच प्रश्न आहे, तोवर गोळ्या कपाटात ठेवू. पन्नास वर्षं राहिल्यात, अजून आठ दिवस राहतील. दादा म्हणाले, "बघू." त्यांचं बघू म्हणजे होकार, असं मी धरलं आणि गोळ्या कपाटात ठेवल्या.

सोमवारी दहा वाजता, दादा अर्ज घेऊन निघायच्या बेतात असताना, हवालदार आला. मोठा, थकलेला, शांत माणूस होता. जिना चढून दमला होता. तो सोफ्यावर, बरोबर त्याच जागी बसला. शोकेसची खालची फळी मोकळी होती. पाच काडतुसं शेजारच्या कपाटात, आईच्या साड्यांच्या खणाखाली. त्याने माझं नाव, शिक्षण, पत्ता लिहून घेतला. शेजाऱ्यांची नावं विचारली. मग, दिवसातून वीस वेळा विचारत असावा अशा आवाजात, वहीतून मान वर न काढता त्याने विचारलं, "बाकी काही नाही ना? केसबिस, भानगड?"

"नाही," मी म्हणाले.

"आहे," दादा म्हणाले.

हवालदाराने मान वर केली. दादांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. "साहेब," तो अगदी सौम्यपणे म्हणाला, "मी फक्त पासपोर्टसाठी आलो होतो." आणि मग, "पाणी मिळेल का?"

दुपारी ठाण्यातून दोघे आणि शस्त्रांतला एक जाणकार असे तिघे आले. पंचनाम्याला पंच हवे होते. दामले काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच आमच्या हॉलमध्ये बसले होते. त्यांनी पंचनाम्यातली शुद्धलेखनाची एक चूकही दाखवली. पाच काडतुसं वाळू भरलेल्या डब्यात गेली. माझ्या चौकशीच्या कागदावर 'प्रलंबित' असा शेरा पडला.

मी दादांशी नऊ दिवस बोलले नाही. जेवायला वाढायची, डबा भरायची, पण बोलत नव्हते. आई मधे पडली नाही. दादांना जबाबासाठी तीनदा ठाण्यात बोलावलं, आणि तिन्ही वेळा दामले काका आपणहून बरोबर आले. काडतुसं पन्नास वर्षं जुनी कशी, वापरलेली नाहीत कशावरून, हे ते साहेबांना, हवालदारांना आणि बाकावर बसलेल्या एका पाकीटमारालाही समजावून सांगत. शेवटी साहेबांनी लिहिलं, की वारसांनी स्वतःहून जमा केली, पुढील कारवाईची आवश्यकता नाही. पासपोर्ट दोन महिने उशिरा आला. माझी तुकडी माझ्याविना गेली. मी सात महिन्यांनी, दुसऱ्या कामावर गेले, तीन वर्षं राहिले आणि परत आले. आता खराडीत राहते. नुकतीच नोकरी सोडली. त्या सात महिन्यांत माझं काय गेलं, हे मला आज प्रयत्न करूनही आठवत नाही. त्या वेळी मात्र सगळं गेलं होतं.

ज्या दिवशी साहेबांनी तो शेरा लिहिला, त्या दिवशी दादांना आणायला मी स्कूटर घेऊन गेले होते. दामले काका बसने परस्पर पुढे गेले. ठाण्याबाहेर एक रसवंती होती. दादा म्हणाले, "रस घेऊ." त्यांनी दोन पेले सांगितले आणि लाकडी बाकावर बसले. चरकाचे घुंगरू वाजत होते. दहाव्या दिवशी त्यांच्याशी पहिलं वाक्य मी बोलले ते असं, "दादा, एका हवालदाराला नाही म्हणायचं होतं फक्त. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला असता तरी चाललं असतं."

"चाललं असतं," ते म्हणाले.

मला वाद घालायचा होता. तो असा अर्ध्यातच संपला.

दादांनी पेला हातात फिरवला. "मी खरं बोललो, ते बरोबरच होतं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पण बोलताना मला बरं वाटलं. वाटलं, आता ही जात नाही. एवढंच वाटलं, क्षणभर. ते बरोबर नव्हतं."

रसवंतीवाला आमच्याकडे बघत होता, कारण दादांचा पेला तसाच भरलेला होता आणि त्यावर माश्या यायला लागल्या होत्या. मी माझा रुमाल पेल्यावर धरला.

"रस घ्या," मी म्हणाले. "मग जाऊ."

त्यांनी तो एका दमात संपवला, मिशी पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, 'हळू चालवशील ना?' असं न विचारता, माझ्या स्कूटरवर मागे बसले.